भूमिका (१९७७) : पैसे कोण मोजतंय तिकडे लक्ष ठेवा

मागच्या रविवारी आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या हॉलमध्ये श्याम बेनेगलांचा हिंदी सिनेमा 'भूमिका' लावला होता. मी तिसऱ्यांदा बघितला, पण आधी दोन्ही वेळा एकटीने, रात्री, कानात हेडफोन घालून, आणि यावेळी सतरा-अठरा माणसांबरोबर, आणि खरं सांगते वेगळाच सिनेमा वाटला, कारण संपल्यावर लाइट लावले तरी कोणी उठेना आणि मग जी वादावादी सुरू झाली ती दोनदा चहा करून झाला तरी चालूच. आमच्याकडे महिन्यातून एकदा असा जुना सिनेमा असतो, भिंतीवर पांढरा पडदा, भाड्याचा प्रोजेक्टर, प्लास्टिकच्या खुर्च्या, माणशी पन्नास रुपये वर्गणी. बहुतेक वेळा लोक 'छान होता हं' म्हणतात आणि जेवायला जातात. यावेळी तसं झालं नाही म्हणून लिहितेय.

ज्यांनी बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिनेमा हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर बेतलेला आहे. हंसाबाई म्हणजे प्रभातच्या 'संत सखू'ची सखू, 'रामजोशी'तली बया, आणि १९५९ मध्ये अनंत मान्यांच्या ज्या सिनेमाने पुण्यात विजयानंद टॉकीजला १३१ आठवडे मुक्काम ठोकला तो 'सांगत्ये ऐका' त्यांचाच, पुस्तकाचं नाव तिथूनच आलं. सिनेमात नाव बदललंय. उषा, पडद्यावरची उर्वशी. कोकणपट्टीतलं लहानपण, आजी गाणारी, बाप दारूत बुडालेला, तो गेल्यावर घरात येऊन-जाऊन असलेला केशव दळवी नावाचा माणूस मायलेकींना मुंबईला आणतो आणि मुलीला स्टुडिओत उभी करतो. पुढे त्याच केशवशी ती आईच्या नाकावर टिच्चून लग्न करते. मग हिरो राजन, मग डायरेक्टर सुनील वर्मा, मग जमीनदार काळे. एवढं सांगितलं तरी हरकत नाही, हा सिनेमा गोष्टीचा शेवट कळल्याने बिघडणारा नाहीये.

स्मिता पाटीलबद्दल सगळेच लिहितात पण मला तरी गप्प बसवत नाही. शूटिंगच्या वेळी ती जेमतेम एकवीस-बावीस वर्षांची असेल. आणि त्या वयात तिने कोवळी, हट्टी पोरगी केलीय, नवऱ्याला कंटाळलेली स्टार केलीय आणि जिची मुलगी लग्नाची झालीय अशी बाईसुद्धा केलीय, आणि कुठेही केसाला पांढरा रंग लावून म्हातारं दाखवल्यासारखं वाटत नाही, ती फक्त बसते वेगळी, पदर घेते वेगळा, आवाजातला चढ कमी होतो. सुरुवातीलाच सेटवरची लावणी आहे. कॅमेरा चालू असताना चेहऱ्यावर जे हसू असतं ना आणि शॉट थांबल्यावर ते ज्या स्पीडने उतरतं, ते बघा. आमच्या पुढच्या रांगेतल्या एक काकू, ज्या आयुष्यभर शाळेत शिकवत होत्या, त्या हळूच म्हणाल्या, 'अगं, वर्गातून स्टाफरूममध्ये गेल्यावर आमचं अस्संच व्हायचं.' तो एक सीन आणि एक वाक्य, माझ्या मते पन्नास रुपये तिथेच वसूल झाले.

त्याच वर्षी तिचा 'जैत रे जैत' पण आलाय, हे लक्षात घेतलं की डोकं चक्रावतं. एका बाजूला डोंगरातली ठाकरीण आणि दुसऱ्या बाजूला ही. 'भूमिका'साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पटकथेलाही मिळाला (गिरीश कार्नाड, सत्यदेव दुबे आणि स्वतः बेनेगल अशी तीन नावं आहेत), शिवाय फिल्मफेअरने त्या वर्षीचा बेस्ट पिक्चर म्हणून निवडला. म्हणजे समीक्षकांनी नाकारला आणि नंतर कधीतरी डोक्यावर घेतला असली भानगड इथे नाही, पहिल्यापासून मान मिळालेला सिनेमा आहे. तरीही माझ्या ओळखीतल्या शंभरातल्या नव्वद लोकांनी बघितलेला नसतो, फक्त नाव ऐकलेलं असतं. हे मला फार लागतं. आपल्या मराठी नटीच्या आयुष्यावरचा, आपल्याच माणसांनी भरलेला सिनेमा, सुलभा देशपांडे आई झाल्यात, अमोल पालेकर नवरा झालाय, आणि आपल्या घरात त्याची चर्चा नाही.

पालेकरांवरून तर हॉलमध्ये हलकल्लोळ. माझ्या आईच्या पिढीच्या बायकांसाठी पालेकर म्हणजे 'रजनीगंधा', 'छोटी सी बात', 'चितचोर', बसच्या रांगेत उभा राहणारा, लाजणारा, आपल्या शेजारच्या बिल्डिंगमधला मुलगा. आणि तो माणूस इथे केशव झालाय. आई सिनेमाभर पुटपुटत होती, 'नाही गं, हा नको होता असा'. पण तेच तर बरोबर आहे ना, केशव जर पहिल्या फ्रेमपासून व्हिलन दिसला असता, लाल डोळे, मिशा पिळणं वगैरे, तर उषा त्याच्याशी का लग्न करते ते कळलंच नसतं. तो उपकार करतो. खरोखरचे उपकार. घरात खायला नसताना तो मदतीला आलेला असतो आणि ते तो कधीही विसरू देत नाही, ओरडून नाही, तर हळू आवाजात, समजुतीच्या सुरात. पालेकरांनी तो समजुतीचा सूर इतका नेमका पकडलाय की माझ्या मागे बसलेली एक मैत्रीण, तिच्या घरचं मला माहितीये म्हणून नाव घेत नाही, ती उठून बाहेर गेली आणि दहा मिनिटांनी परत आली.

आता खरी वादावादी. आमच्याकडचे एक काका, बँकेतून रिटायर झालेले, वाचन भरपूर, माणूस चांगला, त्यांनी सुरुवात केली. त्यांचं म्हणणं, बाईलाच कळत नव्हतं तिला काय हवंय, एकाला सोडते दुसऱ्याकडे जाते, तिथून तिसरीकडे, मुलीचा विचार नाही, आणि शेवटी एकटी बसते, मग दोष कोणाला द्यायचा. आणि त्यांच्या बाजूने तीन-चार जण होतेच, त्यात बायका पण होत्या, हे मुद्दाम सांगते. माझी भाची मास मीडिया करतेय कळव्याहून येऊन-जाऊन, ती एकदम उसळली, म्हणाली काका तुम्ही उषाचं ऑडिट करताय, केशवचं कोणी करत नाहीये. मग एकीने राजनची बाजू घेतली, तो बिचारा खरं प्रेम करतो (अनंत नाग दिसतोही तसाच, विरघळून जाईल असा), त्यावर दुसरी म्हणाली प्रेम करतो तर मग ऐन वेळी कुठे असतो. नसीरुद्दीनचा सुनील वर्मा कोणालाच आवडला नाही. तो मरणाबद्दल मोठं मोठं बोलतो, दोघं मिळून गोळ्या घेऊन मरायचं ठरवतात आणि त्यातही तिची फसवणूकच होते. मला तो भाग लहान पण भयंकर वाटतो, म्हणजे मरण्यातसुद्धा हिच्याशी खरं वागावं असं त्या माणसाला वाटलं नाही.

मी तोपर्यंत ऐकत होते. मला जे म्हणायचं होतं ते मला यावेळी पहिल्यांदा नीट दिसलं, आधी दोनदा बघूनही दिसलं नव्हतं. आपण सगळे हा सिनेमा बघताना पुरुष मोजतो. एक केशव, दोन राजन, तीन वर्मा, चार काळे. समीक्षकही तेच करतात, कुठलाही लेख काढा, चार पुरुष आणि एक बाई अशीच सुरुवात. पण एकदा पुरुष मोजायचं सोडून पैसे कोण मोजतंय ते बघा. लहानपणापासून त्या घरात कमावणारी एकच व्यक्ती आहे, ती पोरगी. आईचं पोट तिच्यावर, आजीचं तिच्यावर, लग्नानंतर नवऱ्याचं तिच्यावर, त्याचे स्वतःचे धंदे चालत नाहीत, कॉन्ट्रॅक्ट तो ठरवतो, कोणाबरोबर काम करायचं ते तो ठरवतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, लग्नानंतर तिला काम सोडायचंय! तिला स्टारबीर व्हायचंच नसतं, तिला घर करायचंय, मूल हवंय, स्वयंपाक करायचाय. केशव सोडू देत नाही. ज्या राजनवरून संशय घेतो त्याच राजनबरोबरचे पिक्चर हाच साइन करतो, कारण ती जोडी चालते. हे एक कळलं ना की बाकी सगळ्या भांडणांचा अर्थ बदलतो. तो बायकोवर संशय घेणारा नवरा आहे हे खरंच, पण तो आधी मालक आहे, आणि घोड्याने पळायचं पण आहे आणि तबेल्याबाहेर बघायचं पण नाही असं त्याला पाहिजे.

हे मी बोलले तर बँकवाले काका थोडा वेळ गप्प झाले आणि मग म्हणाले, 'हा अँगल मी बघितला नव्हता'. मोठेपणा आहे त्यांचा. पण लगेच पुढे म्हणाले, मग ती काळ्यांकडे का राहते, तिथे तर पैशाचा प्रश्न नव्हता.

आणि मला वाटतं सिनेमाचा जीव तिथेच आहे, काळ्यांच्या वाड्यावर. म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहिते. अमरीश पुरी. या माणसाला आपण नंतर सिंहासनावर बसून गरजताना इतकं बघितलंय की इथला साधा, स्वच्छ कपड्यातला, हळू बोलणारा, रीतीभातीने वागणारा विनायक काळे बघून क्षणभर बरं वाटतं. उषालाही बरंच वाटतं. त्याची बायको अंथरुणाला खिळलेली आहे, मुलगा आहे, आई आहे, मोठं घर, नोकरचाकर, आणि उषा तिथे रमते! हे बघून माझी भाची चिडली होती पण मला नाही चिडावंसं वाटलं. इतकी वर्षं जे घर मागत होती ते तिला मिळालेलं असतं, ती सगळ्यांचं करते, पोराला जीव लावते, घरात तिला मान आहे. आणि मग एके दिवशी त्या पोराला घेऊन जत्रेला जायचं म्हणते. बस एवढंच. जत्रेला. आणि तिला कळतं की या घराच्या बायका उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाहीत. कोणी मारत नाही, कोणी ओरडत नाही, फक्त नियम सांगितला जातो, जसं काही पावसाळ्यात छत्री घ्यायची असते तसा.

त्या क्षणाला आमच्या हॉलमध्ये जी शांतता झाली ती मी विसरणार नाही. खाली रस्त्यावर रिक्षाचे हॉर्न चालू होते आणि वर सतरा माणसं श्वास धरून. कारण केशवकडे तिची कमाई होती पण घर नव्हतं, आणि इथे घर आहे पण बाहेरचं दार नाही. आणि सुटायचं तर कोणाला हाक मारायची, तर परत केशवलाच पत्र लिहायचं, कारण कायद्याने तोच एक तिचा. तो पोलीस घेऊन येतो आणि ती निघते तेव्हा काळ्यांची ती आजारी बायको अंथरुणावरून जे सांगते, स्वयंपाकघरं बदलतात, अंथरुणं बदलतात, पण पुरुष काही बदलत नाही अशा अर्थाचं, त्यात तिच्या आवाजात ना राग आहे ना रडणं. उषा येण्याआधी ती बाई किती वर्षं त्या खोलीत पडून हे जाणून होती हा विचार माझ्या मनातून जात नाही.

सिनेमाधंद्याबद्दलचा सिनेमा म्हणून बघितलं तरी यात इतकं भरलंय. १९३०-४० च्या दशकातले स्टुडिओ, महिन्याच्या पगारावर नट, तोच पिवळट पडदा मागे, तेच लाकडी जिने. सिनेमातले सिनेमे आहेत, पौराणिक, तलवारबाजीचे, रडारडीचे सोशल, आणि ते खिल्ली उडवायला केलेले नाहीत, त्या त्या काळात जसे केले असते तसे प्रामाणिकपणे केलेत. पडद्यावर पतिव्रता आणि स्टुडिओबाहेर गाडीत बसल्यावर नवऱ्याचे टोमणे, हे एकापाठोपाठ एक येतं आणि कोणी काही समजावून सांगत नाही. कॅमेरा गोविंद निहलानींचा. लहानपणीचा भाग ब्लॅक अँड व्हाइट आहे, नंतरचा रंगीत, आणि रंग पण सगळीकडे एकसारखे नाहीत कारण वेगवेगळा फिल्म स्टॉक, म्हणजे कच्ची फिल्म, वापरलाय, त्यामुळे काळ बदलला की चित्राची कातडीच बदलते. मला वाटलं होतं आमच्या प्रोजेक्टरवर हे कळणार नाही, पण कळलं, भाची बोट दाखवून सांगत होती.

संगीत वनराज भाटियांचं. प्रीती सागरच्या आवाजातली गाणी लोकांना आठवतात, पण मला सगळ्यात आवडतो तो आजी नातीला गाणं शिकवते तो भाग, कारण त्यात सरस्वतीबाई राण्यांचा आवाज आहे, अब्दुल करीम खाँसाहेबांची लेक, आणि बरोबर त्यांची नात मीना फातर्पेकर. म्हणजे पडद्यावर आजी-नात आणि आवाजही खरोखर आजी-नातीचे. हे आमच्या सोसायटीतल्या गाण्याचे क्लास घेणाऱ्या बाईंनी सांगितलं तेव्हा सगळ्यांनी तो तुकडा परत लावायला लावला.

आता तक्रारी, कारण आहेत. पहिली आणि मोठी तक्रार भाषेची. हंसाबाईंचं आयुष्य मराठी, पुस्तक मराठी, त्यातली भाषा ठसकेबाज, तोंडातून सरळ आलेली, आणि सिनेमात लावणी हिंदी शब्दांची. चाल लावणीची, नेसणं लावणीचं, आणि शब्द हिंदी, माझ्या कानाला ते अजूनही टोचतं. आई तर म्हणाली, 'बुगडी माझी सांडली गं' ज्या पिक्चरने दिली त्या बाईच्या गोष्टीत एक अख्खी मराठी लावणी नाही म्हणजे काय. पटकथेत, दिग्दर्शनात काही कमी नाही पण मराठीत झाला असता तर सुलभाताईंच्या तोंडची ती आईची बोलणी कुठल्या उंचीला गेली असती! हिंदीत केल्यामुळे देशभर पोचला हे मान्य आहे, मी फक्त मनातलं सांगतेय.

दुसरी तक्रार पुस्तक वाचल्यावर आली. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून, ते स्टेशनजवळचं, १८९३ पासून चालू असलेलं, तिथून 'सांगत्ये ऐका' आणलं आणि तीन दिवस ठाणे-सीएसएमटी लोकलमध्ये वाचलं. पहिल्याच दिवशी दादर कधी गेलं कळलं नाही. हे आत्मकथन आधी 'माणूस' या नियतकालिकात आलं होतं, हंसाबाई सांगत होत्या आणि शब्दांकन अरुण साधूंचं, आणि पुस्तक १९७० चं. लहानसं आहे. पण त्यात ती बाई काम करताना दिसते. तेराव्या वर्षी १९३६ मध्ये 'विजयाची लग्नं'मधून सुरुवात, मग बॉम्बे टॉकीज, प्रभात, मग तमाशापट, कोणत्या कंपनीत शिस्त कशी होती, कोणाकडून काय शिकले, कुठली भूमिका जमली, हे सगळं ती सांगते, आणि आपल्या चुका पण सांगते, दारूचं सांगते, काही लपवत नाही. सिनेमात उषा सेटवर दिसते पण तिला कामाचा आनंद होताना मला फारसा दिसला नाही. सुझी थारूंसारख्या स्त्रीवादी अभ्यासकांनी या सिनेमावर टीका केलीय, आणि पुस्तक वाचल्यावर मला जाणवलं ते हेच की पुस्तकातली काम करणारी, कमावणारी नटी सिनेमात नात्यांमध्ये सुख शोधत फिरणारी बाई होऊन जाते. मला ते बऱ्यापैकी पटलं. पूर्ण नाही, कारण पैशाचा धागा सिनेमात आहे, मी वर लिहिलाय तो, पण तो शोधावा लागतो आणि पुस्तकात तो हातात ठेवलेला आहे.

आणि अजून एक. त्या वाड्यावरून सुटकेच्या वेळचा एक प्रसंग पुस्तकात आहे ज्यात कायद्याच्या खुर्चीतला माणूसच तिच्यावर अत्याचार करतो. सिनेमात तो नाही. का नाही घेतला ते बेनेगलांना ठाऊक, मी त्यांना दोष देत नाही, १९७७ साली दाखवणंही सोपं नसेल. पण लोकलमध्ये उभ्याने ते पान वाचलं आणि मुलुंड ते ठाणे मी पुस्तक मिटून धरून उभी राहिले. सिनेमात केशव पोलीस घेऊन येतो आणि सुटका होते, पुस्तकात सुटकासुद्धा फुकट मिळत नाही. ज्यांना सिनेमा बघून वाटतं की जरा जास्तच दाखवलंय त्यांनी पुस्तक वाचावं, सिनेमाने कमी दाखवलंय.

शेवटाबद्दल हॉलमध्ये दोन तट पडले. उषा मुंबईला परत येते, हॉटेलची खोली, मुलगी मोठी झालीय, तिला दिवस गेलेत, ती म्हणते आई माझ्याकडे चल. उषा जात नाही. राजनचा फोन येतो. आणि सिनेमा तिला त्या खोलीत एकटीलाच ठेवून संपतो. माझ्या आईला हे अजिबात आवडलं नाही. तिचं म्हणणं, म्हातारपणी लेक बोलावतेय, नातवंड येणारे, जा ना बाई, कसला हट्ट. शाळेच्या काकूंना वाटलं की ती थकलीय, बाकी काही नाही, थकलेलं माणूस कुठेच जात नाही. भाचीला वाटलं ती शेवटी मोकळी झाली. मला यातलं कुठलंच पूर्ण पटत नाही. स्मिताच्या चेहऱ्यावर मोकळेपणा मला दिसला नाही, भीतीच दिसली. पण आता ती अशा खोलीत आहे जिचं भाडं ती कोणाच्या परवानगीशिवाय देऊ शकते. ते सुख आहे असं मी म्हणणार नाही. पण आधीच्या सगळ्या खोल्यांपेक्षा ती खोली वेगळी आहे एवढं मला नक्की दिसलं.

बघायचा असेल तर दोन-तीन गोष्टी. लांबी २ तास २० मिनिटांच्या आसपास, मध्ये थांबू नका, विशेषतः वाड्याचा भाग सुरू झाल्यावर तर नाहीच. आम्ही ज्या ऑनलाइन सर्व्हिसवरून लावला तिथली प्रिंट वाईट होती, काळोखातले सीन नुसते काळे डाग आणि आवाज मध्येच बारीक, सबटायटल दोन ठिकाणी वाक्य संपल्यावर येत होते, पैसे भरूनही. अशा सिनेमाची प्रिंट अशी ठेवतात याचं मला वाईट वाटतं, आमच्याकडच्या पोरांनी बाहेरचा स्पीकर जोडला म्हणून निभावलं. मोबाइलवर तर कृपा करून बघू नका, निहलानींनी आरशात आणि दाराच्या चौकटीत जे माणसं उभी केलीत ते वीतभर स्क्रीनवर मरून जातं. लहान मुलांना घेऊन बसू नका. नवऱ्याला मात्र जरूर घेऊन बसा.

आधी पुस्तक की आधी सिनेमा असं भाचीने विचारलं, तर मी म्हणेन आधी सिनेमा. पुस्तक आधी वाचलंत तर स्मिताकडे बघताना सारखं 'हे गाळलं, ते गाळलं' करत बसाल आणि ती जे करतेय ते निसटेल.

मला पाचपैकी किती म्हणाल तर साडेचार, अर्धा त्या हिंदी लावणीचा कापला. आईने चार दिले, अर्धा शेवटाचा आणि अर्धा पालेकरांचा, म्हणजे त्यांनी काम वाईट केलं म्हणून नाही, तर आता 'चितचोर' लागला की हाच चेहरा आठवणार म्हणून. बँकवाल्या काकांनी आकडा दिला नाही. पण काल सकाळी तलावपाळीला फिरताना भेटले आणि विचारत होते, ग्रंथ संग्रहालयातलं ते पुस्तक मी परत केलं का. केलं नव्हतं, आई वाचतेय, चष्मा लावून दुपारची, आणि मध्येच हाक मारून मला एखादं वाक्य वाचून दाखवते. काकांना सांगितलं, तिचं झालं की तुमचा नंबर. पुढच्या महिन्यात १९५९ चा 'सांगत्ये ऐका' लावायचं ठरलंय, हंसाबाईंना स्वतःला बघायचंय आता सगळ्यांना.